मुंबईतील एका रात्रीचा मुक्काम

आपल्याकडे ‘हॉटेल’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे चहाची कपबशी आणि मिसळीची डिश येते. पेणचा एस.टी. स्टँड घ्या किंवा रोह्याची बाजारपेठ घ्या, ‘जरा हॉटेलात जाऊन येतो’ असे सांगून गेलेला गृहस्थ अर्ध्या तासात परत येतो. रात्र काढण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो, आणि तोही शब्द थोडा दबक्या आवाजात. आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे मुक्कामाच्या हॉटेलाविषयी. आणि त्यातही अशा हॉटेलाविषयी, की जे दिसायला नेटके, वापरायला सोयीचे आणि आपल्यासारख्या माणसाच्या खिशाला झेपणारे असेल.

तुम्ही म्हणाल, मुंबई आपल्याला हाकेच्या अंतरावर. सकाळी जाऊन रात्री परत येणाऱ्यांना हॉटेल कशाला हवे? सर्वसाधारण दिवशी हे खरे आहे. रोह्याहून दिव्याकडे गाडी जाते, पेणहून एस.टी. मिळते. परंतु मोठ्या इस्पितळात पहाटे नंबर लावायचा असतो, मुलाची किंवा मुलीची परीक्षा सकाळी आठला असते, कोर्टाची तारीख दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते. अशा वेळी मुंबईत एक रात्र काढणे भाग पडते. नातेवाईक असले तरी त्यांच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसे असतात, आणि यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावरचा संकोच आपल्याला दिसतो.

कामगार चळवळीच्या कामामुळे हा प्रसंग माझ्यावर अनेकदा आला. एकदा आम्ही चौघे एका सुनावणीसाठी गेलो असता ती दुसऱ्या दिवशीवर गेली. दोघे आपल्या गावच्या खोलीवर गेले. मी आणि एक वयस्क कामगार स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. खोलीला खिडकी नव्हती. उशीच्या अभ्र्याला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास होता. कडी आतून लागत नव्हती, म्हणून आम्ही दाराला खुर्ची लावली. लॉजमधला पोऱ्या जिन्याखाली पुठ्ठा पसरून झोपला होता. आणि भाडे? ते काही कमी नव्हते. सकाळी तो वयस्क कामगार मला म्हणाला, ‘साहेब, ह्यापेक्षा फलाटावर बरं झोपलो असतो, निदान वारा तरी लागला असता.’ त्याच्या या बोलण्यामुळे मी हॉटेल या विषयाकडे लक्ष देऊ लागलो. स्वस्त जागा घाणेरडीच का असावी, आणि नेटकी जागा महागच का असावी, हा माझा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘डिझाइन हॉटेल’ हा शब्द कानी पडतो. न्यूयॉर्क शहरात १९८४ साली ‘मॉर्गन्स’ नावाचे एक हॉटेल निघाले. आंद्रे प्युतमाँ या फ्रेंच बाईंनी त्याची आतली रचना केली होती. झुंबरे, जाड गालिचे आणि सोनेरी चौकटी यांच्यावर भर न देता साध्या रेषा, मोजके रंग आणि बारकाईने आखलेल्या खोल्या यांवर त्या हॉटेलाची कीर्ती झाली. तेव्हापासून रचनेच्या बळावर नाव मिळवणारी हॉटेले जगभर निघाली. पुष्कळांनी त्यातला फक्त दिखावा उचलला आणि भाडे वाढवले. परंतु काहींनी याच विचाराचा उलटा उपयोग केला. २००८ साली अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाशी ‘सिटिझनएम’ हे हॉटेल सुरू झाले; त्याच्या संस्थापकांपैकी रतन चढ्ढा हे मूळचे भारतीय. तेथे खोल्या कारखान्यात तयार करून जागेवर एकावर एक रचल्या. खोली लहान, पण पलंग मोठा आणि न्हाणीघर चांगले. बसण्याची ऐसपैस जागा मात्र सर्वांसाठी खाली एकत्र. दमलेल्या प्रवाशाला खरोखर काय लागते हे आधी ठरवायचे, ते उत्तम द्यायचे आणि बाकीचे गाळायचे, असा हा हिशेब आहे. डिझाइन या शब्दाचा मी तरी एवढाच अर्थ घेतो. आपल्याकडे सुताराने शिंपल्याच्या नक्षीची खुर्ची केली आणि तीवर बसता आले नाही, तर त्याला कोणी कारागीर म्हणत नाही.

आता मुंबईकडे वळू. मुंबईतील हॉटेलांचा इतिहास पाहिला, तर भाड्याच्या प्रश्नाआधी दुसराच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे दारातून आत कोणाला घ्यायचे? काळ्या घोड्याजवळ आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने जी जुनी इमारत आहे, ते एके काळचे वॉटसन हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने त्याची आखणी केली, लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून बोटीने आणला आणि १८६० नंतरच्या दशकात तो येथे उभा केला. ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली, ती ७ जुलै १८९६ रोजी याच ठिकाणी. रचनेच्या दृष्टीने त्या काळचे ते नवलच होते. पण ते गोऱ्या लोकांसाठी होते. पुढे १९०३ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले. ते बांधणाऱ्या जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. त्यापेक्षा आपण लक्षात ठेवावे असे एक नाव आहे. ताजच्या आराखड्यावर ज्यांनी काम केले त्या रचनाकारांत सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी माणूस होता. म्हणजे हॉटेलाच्या रचनेची विद्या आपल्याला परकी नाही. ताजमध्ये रंगाचा अडसर नव्हता. परंतु पैशाचा होता, आणि तो आजही आहे.

गोऱ्यांनी बंद केलेल्या दारांविषयी आपण तावातावाने बोलतो, आपण बंद केलेल्या दारांविषयी मात्र गप्प राहतो. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यावर चढून आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. एवढ्या विद्वान माणसाला त्या मोठ्या शहरात एक खोली मिळाली नाही. पुढे आपली राज्यघटना तयार झाली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले आहे. देशाच्या घटनेत ‘हॉटेल’ हा शब्द आला आहे, तो उगाच नव्हे. तरीसुद्धा एकट्या बाईला खोली देताना कपाळाला आठ्या घालणारा, किंवा नाव ऐकून ‘जागा नाही’ म्हणणारा व्यवस्थापक आजही भेटतो.

मग सामान्य मराठी माणूस मुंबईत कोठे उतरत होता? मध्यम वर्गासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसानही तेथेच झाले. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याचा मुक्काम राजवाड्यात नव्हता, एका नीटनेटक्या उतारगृहात होता. आजाऱ्यांच्या आणि यात्रेकरूंच्या मुक्कामाचा विचार गाडगेमहाराजांनी केला. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वच्छता हाच तेथला पहिला नियम ठेवला. रंगीत काचा न लावताही जागा प्रसन्न कशी ठेवता येते, हे त्यांच्या खराट्याने दाखवले.

आणि आमच्या कोकणातला गिरणी कामगार? त्याच्यासाठी गावाची खोली होती. चाळीतली एक खोली गावमंडळाने भाड्याने घ्यायची आणि गावचे दहा-पंधरा गडी तिच्यात राहायचे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत एवढी माणसे मावत कशी? तर पाळ्यांच्या जोरावर. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागी अंग टाकी. प्रत्येकाला एक ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी. नळ आणि संडास सामाईक. जेवण खाणावळीत. या खाणावळी बहुतेक कामगारांच्याच बायका चालवीत, आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. या खोलीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. ती आपुलकीने भरलेली होती हे खरे, पण तेथे माणसाला स्वतःचा असा कोपरा नव्हता. आजारी पडला तरी त्याच्या उशाशी दिवा जळत राही आणि पत्ते चालू राहत.

माणशी एक अंथरुणाएवढी जागा आणि बाकीचे सामाईक, हीच कल्पना निराळ्या स्वरूपात जपानात पुढे आली. किशो कुरोकावा या वास्तुविशारदाने १९७२ साली टोकियोत १४० सुट्या कोठड्यांचा एक मनोरा बांधला. तो २०२२ साली पाडण्यात आला. त्याच कुरोकावांनी १९७९ मध्ये ओसाका शहरात ‘कॅप्सूल’ हॉटेलाची रचना केली. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदाराला एक रात्र झोपता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. माणूस आडवा होईल आणि बसता येईल एवढी पेटी, तिच्यात दिवा आणि हवा. पेट्या दुमजली, रेल्वेच्या बर्थसारख्या.

आपल्या मुंबई सेंट्रल स्टेशनात १७ नोव्हेंबर २०२१ रोजी असे हॉटेल सुरू झाले. रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीने ते काढले. सुरुवातीस तेथे एकूण ४८ कोठड्या होत्या. त्यांत ३० साध्या, ७ फक्त स्त्रियांसाठी, १० थोड्या अधिक खाजगी आणि १ अपंग प्रवाशासाठी. उघडताना साध्या कोठडीचे भाडे १२ तासांना ९९९ रुपये आणि २४ तासांना १,९९९ रुपये ठेवले होते.

मी तेथे एक रात्र राहून आलो. आत शिरताना मला गिरणगावातली खोलीच आठवली. पण फरकही लगेच कळला. कोठडी लहान, तरी ती बंद करता येत होती. डोक्याशी वाचण्यापुरता दिवा होता, तो माझ्या शेजाऱ्याला त्रास न देता मला विझवता येत होता. सामानाला कुलपाचा कप्पा होता. चादर धुतलेली होती. न्हाणीघर सामाईक, पण कोरडे. आमच्या खोलीवर जे नव्हते ते एवढेच होते: एक दार, एक दिवा आणि एक धुतलेली चादर. या तीन गोष्टींना फार पैसे लागत नाहीत, विचार लागतो. माझी तक्रार एकच. दोन माणसे असली, म्हणजे आजारी आई आणि तिचा मुलगा असे असले, तर हजाराचे दोन हजार होतात, आणि आजाऱ्याला वरच्या कोठडीत चढता येत नाही. तेव्हा ही रचना एकट्यादुकट्या धडधाकट प्रवाशासाठी आहे, कुटुंबासाठी नव्हे.

दुसरा मार्ग टाटांच्याच हॉटेल कंपनीने घेतला. २००४ साली बंगलोरला ‘इंडीवन’ या नावाने त्यांनी एक हॉटेल काढले. त्याच्या कल्पनेत सी. के. प्रल्हाद या अर्थपंडितांचा सल्ला होता. पुढे त्यालाच ‘जिंजर’ हे नाव मिळाले. खोली छोटी पण नवी, चहा आपला आपण करून घ्यायचा, सामान आपले आपण न्यायचे, म्हणजे वाढपी आणि हमाल यांचा खर्च वाचला. आरंभी भाडे हजार रुपयांच्या आत होते. २०२३ साली मुंबई विमानतळाजवळ याच मालिकेतले ३७१ खोल्यांचे मोठे हॉटेल उघडले. तिसरा मार्ग जुन्या इमारतींचा. कुलाब्याच्या लॅन्सडाउन हाउस या जुन्या इमारतीत २०१४ च्या सुमारास ‘अबोड’ नावाचे छोटे हॉटेल निघाले. जुन्या फरशा आणि जुने लाकूडसामान टाकून न देता त्यांनी तेच शोभेसाठी वापरले, आणि काही खोल्यांना न्हाणीघर सामाईक ठेवून त्यांचा दर खाली आणला. ज्या गोष्टीची चाळकऱ्याला लाज वाटत असे, ती स्वच्छ ठेवली तर परदेशी पाहुणाही आनंदाने वापरतो, हे यातून दिसले.

आता हॉटेलाचा हिशेब पाहू. कारण स्वस्ताई कोठून येते हे समजल्याशिवाय तिची पारख होत नाही. समजा एका हॉटेलात ४० खोल्या आहेत आणि जागेचे भाडे, कर्जाचे व्याज, वीज, पाणी, पगार मिळून महिन्याचा खर्च १२ लाख रुपये आहे. महिन्याच्या ३० रात्री धरल्या तर विकायला १,२०० खोल्या झाल्या. सर्व भरल्या तर खोलीमागे खर्च १,००० रुपये. निम्म्याच भरल्या तर २,००० रुपये. मासळी संध्याकाळपर्यंत खपली नाही तर निदान सुकवता येते. रिकामी गेलेली रात्र मात्र सुकवून ठेवता येत नाही. म्हणून स्वस्ताईचा पहिला झरा म्हणजे खोली रिकामी न ठेवणे. बारा तासांचा दर निघाला तो यासाठीच. गिरणीच्या पाळ्यांचे तत्त्व ते हेच. दुसरा झरा म्हणजे जागा. त्याच मजल्यावर भिंती आणि नळ नीट आखून अधिक माणसांची सोय करणे. हे दोन्ही झरे प्रामाणिक आहेत, आणि रचनाकाराचे कौशल्य येथेच लागते.

तिसरा झरा मात्र गढूळ आहे. तो म्हणजे कामगाराच्या मजुरीतून केलेली बचत. समजा खोल्या आवरणाऱ्या कामगाराला रोज ६०० रुपये मिळतात आणि आठ तासांत तो १४ खोल्या आवरतो. खोलीमागे त्याची मजुरी सुमारे ४३ रुपये झाली. आता मालकाने ठेकेदार नेमून रोज ४०० रुपयांवर आणला. खोलीमागे सुमारे २९ रुपये झाले. हजार रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकाचे यात फार तर १४ रुपये वाचतील, तेही मालकाने ते त्याला दिले तर. परंतु कामगाराचे रोजचे २०० रुपये गेले. महिन्याच्या २६ दिवसांत ५,२०० रुपये. म्हणजे त्याच्या मुलीची शिकवणी गेली, किंवा म्हाताऱ्या आईचे औषध गेले. धोबीकामाचे, स्वागतकाचे, पहारेकऱ्याचे पगार धरले तर आकडे वाढतील, पण गुणोत्तराची जात हीच राहील. कामगाराला योग्य मजुरी दिली म्हणून हॉटेल महाग होते, हे मालकांचे म्हणणे हिशेबात टिकत नाही. मी हे आकडे मांडले, तेव्हा एका व्यवस्थापकाने ते नाकारले नाहीत. ‘सगळेच ठेकेदारावर देतात’ एवढेच तो म्हणाला.

हॉटेल कामगाराची कहाणी जुनीच आहे. जॉर्ज फर्नांडिस यांनी तरुणपणी मंगळूरला हॉटेल आणि वाहतूक कामगारांची संघटना बांधली. तेच पुढे मुंबईस आले तेव्हा चौपाटीच्या बाकांवर झोपत आणि मध्यरात्री पोलिस त्यांना उठवीत. कपबशा विसळणाऱ्या पोरांची मजुरी कायद्याने बंद व्हायला २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १० ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात व घरकामाला ठेवण्यास मनाई झाली. या महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा १९४८ पासून होता, २०१७ साली नवा आला. कायदे झाले तरी जिन्याखालचा पुठ्ठा गेला नाही, हे मी वर सांगितलेच आहे. म्हणून हल्ली कोणी मला एखादे नवे हॉटेल दाखवले, की मी भिंतीवरची चित्रे पाहून झाल्यावर एक प्रश्न विचारतो: येथे काम करणारी माणसे रात्री कोठे झोपतात? ज्या घराची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली असते, तेथे या प्रश्नाचे उत्तर नकाशातच सापडते. त्यांच्यासाठी एक हवेशीर खोली, कपाट आणि न्हाणी काढलेली असते.

मुंबईविषयी एवढे बोलल्यावर आपल्या गावाकडेही पाहिले पाहिजे. गणपतीच्या आधी मूर्ती नेण्यासाठी पेणला किती लांबून व्यापारी येतात, हे तुम्ही पाहता. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कंत्राटी कामगार येतात. ते कोठे राहतात? एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा, पाळीपाळीने. जी खोली आपल्या आजोबांनी गिरणगावात सोसली, ती आज आपल्या गावात आहे, आणि तिचे भाडे आपल्यापैकीच कोणी घेतो. माणशी घेतलेले पैसे जमवले तर ते लहान नसतात; त्या बदल्यात दार, दिवा आणि स्वच्छ न्हाणी एवढे देता येत नाही काय? गावकरी, कारखानदार आणि नगरपालिका एकत्र बसले, तर माफक दराचे एक नेटके कामगार-वसतिगृह, आणि त्याला लागून वाटसरूंसाठी चार खोल्या, हे काही अशक्य काम नव्हे. जपानी माणसाने जे पेटीत बसवले, ते आपल्याला कौलारू इमारतीत बसवता येईल.

माझी तुम्हाला विनंती आहे, ती अगदी साधी. पुढच्या वेळी मुंबईत मुक्काम पडला तर खोली आधी पाहून घ्या. कडी, दिवा, चादर आणि न्हाणी तपासा. एवढे नीट नसेल तर स्वस्त म्हणून गप्प बसू नका. आणि सकाळी निघताना, खोली आवरायला आलेल्या बाईला किंवा मुलाला तुमचे गाव कोणते, म्हणून विचारा. पुष्कळदा ते आपल्याच बाजूचे निघते. मला एकदा उत्तर मिळाले, ‘कोलाडच्या पलीकडचा.’ त्या दिवशी चहा आम्ही दोघांनी मिळून घेतला, आणि संघटनेच्या वहीत एक नाव वाढले.